‘चेहऱ्याला काहीतरी द्या ना’

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

पहिल्याच आठवड्यात ‘चेहऱ्याला काहीतरी द्या ना’ म्हणणाऱ्या बायांनी तुला भंडावलं, हे वाचून हसू आलं. मेडिकलच्या काउंटरवर हे रोजचंच.

‘काय देऊ’ या विचारात पडू नकोस. आधी विचार, ‘सध्या काय लावताय?’ जमलं तर ती ट्यूबच घेऊन यायला सांग. पुष्कळदा पर्समधून निघतं ते बीटामेथासोन नाहीतर क्लोबेटासॉल, म्हणजे स्टिरॉइडचं मलम. नणंदेनं दिलेलं असतं, पार्लरवालीनं सांगितलेलं असतं, आणि चार दिवसांत चेहरा उजळलेला असतो. उजळणारच. स्टिरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, कातडी फिकी दिसते. पण लावतच राहिलं की कातडी पातळ होते, उन्हात भगभगते, पुरळ उठतं, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, काहींना चेहऱ्यावर लव वाढते. लावणं थांबवलं की आग होते, म्हणून बाई तीच ट्यूब मागायला परत येते. आपल्याला वाटतं, गिऱ्हाईक खूश आहे!

ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, हा नियम 2018 चा. त्याआधी कित्येक वर्षं मी ती बिनदिक्कत विकली. तेव्हा कायद्यात पळवाट होती हे खरं, पण औषधं शरीरात काय करतात ते, फार्माकॉलॉजी, तर मी तेव्हाही शिकलेलो होतो. अशी बाई आली की ‘आजपासून बंद करा’ असं फटकन सांगू नकोस. एकदम सोडल्यावर चेहरा उसळतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे धाड, ते हळूहळू सोडवतील.

दुसरी गोष्ट गोरेपणाच्या बिननावाच्या डब्यांची. मागे उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच, तारीख, घटकांची यादी आहे का बघ. परदेशी माल असेल तर आयातदाराचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. यातलं काही नसेल तर त्यात पारा असू शकतो. क्रीममध्ये पारा घालायला आपल्याकडे बंदी आहे, नकळत आलेलाही दहा लाखात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. केरळात मलप्पुरमला 2023 साली किडनीचे रुग्ण येऊ लागले, आणि डॉक्टरांनी धागा मागे नेला तर तो अशाच क्रीमपर्यंत पोचला. पारा कातडीतून आत जातो, ग.

सनस्क्रीनचं मात्र उलटं. लोक एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून बचावाचा, 50 हा आकडा बघून घेतात आणि वाटाण्याएवढं लावतात. 30 वाला नीट लावला तर जळजळ करणारे सुमारे 97 टक्के किरण अडतात, 50 वाला जेमतेम 98. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून लागतं. उन्हात असलं तर दर दोन तासांनी पुन्हा.

लग्नसराईत काळी मेंदी मागतील. मेंदीचा रंग तांबूसच. काळी म्हटली की बहुधा त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि हातावर फोड येतात. डाय विकतानाही सांग, कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून 48 तास थांबा. ऐकणार नाहीत. सांग तरी.

चिठ्ठी नाही म्हणून ट्यूब परत ठेवलीस की मालक कुरकुरतील. माझं नाव सांग. ते माझ्याकडेच शिकलेत.

तुझे सर