काकाचा कापूस मामाच्या नावावर काहून?

प्रश्न : सर, मी बीसीए दुसऱ्या वर्षाला आहे, गाव आर्णी तालुक्यात. आमच्या इकडं खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतो तेव्हा, कापूस मोजतात त्याची नोंद ठेवायला पायथन या प्रोग्रामिंग भाषेत शेतकरी नावाचा क्लास बनवला. त्यात वजनं म्हणून एक रिकामी लिस्ट ठेवली. मग काका आणि मामा असे दोन ऑब्जेक्ट. काकाच्या लिस्टमध्ये एका गाठोड्याचे 42 किलो टाकले तर मामाच्या लिस्टमध्ये पण 42 दिसते! एरर काहीच नाही. क्लास आणि इन्स्टन्समधला फरक पाठ आहे, पेपरात लिहिला पण, तरी हे मले समजून नाही राह्यलं. – एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, बरं झालं विचारलंस. एरर न देता चुकीचा हिशोब दाखवणारा प्रोग्राम सगळ्यात वाईट, उद्या त्यावर पैसे वाटले तर भांडणच.

क्लास म्हणजे छापलेली कोरी पावती समज, कोणते रकाने आहेत ते तिच्यावर ठरलेलं, पण वजन कोणाचंच नाही. नाव-वजन भरून फाडलेली प्रत्येक पावती म्हणजे इन्स्टन्स, म्हणजेच ऑब्जेक्ट. एवढं तुला पाठ आहेच. तू काय केलंस, तर वजन लिहायची जागा फाडलेल्या पावतीवर न ठेवता कोऱ्या पावतीवरच ठेवली.

आता पायथन आतून काय करते ते पाहा. क्लासच्या आत थेट लिहिलेल्या ओळी एकदाच चालतात, क्लास तयार होतो तेव्हा. म्हणजे ती रिकामी लिस्ट एकदाच बनली आणि क्लासला चिकटली. काका बनवला, मामा बनवला, पण नवीन लिस्ट कुठं बनली? नाहीच बनली. तू काका.वजनं लिहितो तेव्हा पायथन आधी काकाजवळ शोधते, तिथं नसलं की त्याच्या क्लासकडे जाते. मामाचं पण तेच. दोघं एकाच लिस्टपाशी पोचतात आणि अपेंडनं, म्हणजे लिस्टच्या शेवटी भर टाकायच्या आज्ञेनं, त्याच लिस्टमध्ये भर पडते. खात्री करायची तर काका.वजनं इज मामा.वजनं (दोन्ही एकच वस्तू आहे का?) हे प्रिंट करून पाहा, ट्रू म्हणजे 'हो' येईल. व्हार्स फंक्शनमध्ये काका दे, काकाचं स्वतःचं काय आहे तेवढंच दिसेल, आणि वजनं त्यात नसेल.

उपाय एका ओळीचा. ती लिस्ट इनिटच्या, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनच्या, आत ने आणि सेल्फ.वजनं असं लिही; सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः. इनिट प्रत्येक नवीन ऑब्जेक्टला वेगळं चालते, म्हणून प्रत्येकाला स्वतःची नवी लिस्ट मिळते.

आता पोरं जिथं खरी फसतात ते सांगतो. क्लासमध्ये लिस्टऐवजी एकूण = 0 ठेवलं असतं आणि सेल्फ.एकूण = सेल्फ.एकूण + 42 केलं असतं, तर सगळं बरोबर चाललं असतं! कारण उजवीकडं वाचताना 0 क्लासकडून येतो, पण डावीकडं लिहिताना ते थेट त्या ऑब्जेक्टवर लिहिलं जाते, मग काकाचा आकडा काकाजवळच राहते. म्हणून आकड्यांवर प्रॅक्टिस करून लिस्टकडे आलेल्या पोराला वाटते पायथनच बिघडलं.

मग क्लासवर काय ठेवायचं? जे खरंच सगळ्यांचं एक आहे ते. एका क्विंटलचे किलो 100, हे ठेव. भाव मात्र ठेवू नको, ओलावा पाहून व्यापारी भाव कमी-जास्त करतो हे तुला मी काय सांगू. माझं मत विचारशील तर मोजणी नावाचा वेगळा क्लासच कर, वजन, ओलावा, भाव त्यात, आणि शेतकऱ्याजवळ फक्त त्याच्या मोजण्यांची लिस्ट. क्लास-ऑब्जेक्टची कल्पना आली पण अशाच कामातून : नॉर्वेतल्या ओस्लोमध्ये डाल आणि नायगार्ड या दोन शास्त्रज्ञांनी 1967 च्या सिम्युला भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आणले, तेव्हा त्यांना कॉम्प्युटरवर खऱ्या कामकाजाची नक्कल करायची होती, एकाच प्रकारच्या पुष्कळ गोष्टी पण प्रत्येकीची अवस्था वेगळी.

आणि हो, पायथन 3 मध्ये काका, मामा, वजनं ही नावं देवनागरीत ठेवली तरी चालतात, फक्त भाषेचे स्वतःचे शब्द इंग्रजीतच लिहावे लागतात.

प्रश्न : जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत पण असंच होते का? – एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : नाही ताई, तिथं उलटं आहे. जावात क्लासच्या आत लिस्ट थेट लिहिली तरी ती प्रत्येक ऑब्जेक्टला नवीन बनते. सगळ्यांची मिळून एक पाहिजे असेल तर तिच्या आधी स्टॅटिक हा शब्द लिहावा लागते. दिसायला कोड सारखाच, म्हणून जावावरून पायथनकडे येताना ही लिस्ट आधी तपासा.