एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतलीस, आता कार्ब्युरेटरवरचा हात आवर
इंजिन अडखळतंय म्हणून लगेच एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरचे नट फिरवत बसू नकोस. आधी व्हॉल्व्हचा गॅप, इग्निशनचे पॉइंट आणि टायमिंग बघ. रोग बहुधा तिथेच निघतो. मग डॅशपॉटची, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वरच्या नळकांड्याची, टोपी काढून तेल तपास, २० ग्रेडचं साधं इंजिन ऑइल चालतं. इंजिन गरम होऊन चालू असताना कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम १ मिलिमीटर उचल: आरपीएम चढून तसाच राहिला तर मिक्श्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त; इंजिन बंद पडायला लागलं तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. किंचित चढून पूर्ववत झाला, की विषय संपला.

आणि हो, १९६७ च्या आधीची गाडी असेल तर बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. नवा रेडिओ लावण्याआधी बघून घे, नाहीतर धूर निघेल. क्रोम नंतर चमकव रे, आधी दारांखालचे सिल, म्हणजे बॉडीच्या पत्र्याच्या पट्ट्या, गंजलेत का ते टोचून पाहा.