बंद कोठीत टोके शिरतात कुठून?

प्रश्न : आखातीच्या सुमारास छावणीच्या धान्यबाजारातून दोन क्विंटल लोकवन गहू घेतला. निवडला, कोठीत भरला, झाकण घट्ट लावलं. तरी श्रावणात टोके (सोंडकिडे) झाले. बंद कोठीत हे शिरतात कुठून? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

ताई, ते कोठीत शिरलेच नाहीत. गव्हाबरोबरच घरी आले, दाण्याच्या पोटात बसून. टोक्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट स्राव लावून भोक बुजवून टाकते. निवडताना तो दाणा चांगलाच दिसतो. तुमच्या निवडण्यात काही कमी नव्हती. अळी आतच जन्मते, आतलं पीठ खाते, कोषही आतच करते. हवा उबदार असली की महिन्याभरात किडा दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी अशी 300-400 अंडी घालू शकते, म्हणून एप्रिलमधले दोन-चार दाणे श्रावणात कोठीभर होतात.

मी 31 वर्षं मुलींना प्राणिशास्त्र शिकवलं. जुलै लागला की घरून किडका गहू आणायला सांगायची. वाटीभर गहू पाण्यात टाकायचा आणि वर तरंगतील ते दाणे ब्लेडने उभे चिरायचे. आत पांढरी, बिनपायाची, स्वल्पविरामासारखी वाकलेली अळी. मुली आधी शहारायच्या आणि मग भिंगासाठी भांडायच्या. मोठ्या टोक्याच्या पाठीवर चार तांबूस ठिपके असतात. काडीने डिवचला की पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखा पडून राहतो. सुपातून बाजूला काढलेले टोके थोड्या वेळाने चालायला लागतात ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट मला दर वेळी थक्क करते. त्याचं टणक कवच घडायला लागणारं द्रव्य त्याच्या शरीरात राहणारे जंतू पुरवतात. कवच पक्कं झालं की तो त्या जंतूंना संपवून टाकतो.

आता उपाय. मे महिन्यात गच्चीवर गहू अगदी पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. भरताना मात्र पूर्ण गार झालेला हवा, गरम भरलात तर आत ओल सुटते. रवा-दलिया थोडाच असेल तर आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. आजी मूग-चवळीला तेलाचा हात लावायची, त्यातही फार शहाणपण होतं. कडधान्याचा भुंगेरा अंडी दाण्याच्या बाहेर चिकटवतो (ते पांढरे ठिपके), तेलाने ती गुदमरतात. गव्हात अंडं आत, वर बूच, म्हणून तिथे एकट्या एरंडेलावर विसंबू नका.

आणि हात जोडून सांगते, कोठीत किडे मारायची सल्फासची गोळी ठेवू नका. आमच्या गल्लीत एका घरी दुकानदाराने ती पुडीत बांधून दिली होती, 'फडक्यात गुंडाळून ठेवा' एवढंच सांगून. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू निघतो. त्या विषावर उतारा नाही. कोठी बहुतेक घरांत झोपायच्या खोलीतच असते, रात्री दारं-खिडक्या बंद. त्या घरातली दोन्ही मुलं पहाटे उलट्या करत उठली. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचली. चार किलो गहू किडला तर किडू दे.

प्रश्न : ओट्याखाली झुरळांसाठी जेल लावते. पहिली दोन वर्षं गुण आला, आता झुरळं त्याला तोंड लावत नाहीत. जेल नकली आहे का? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

जेल नकली नसेलही. तुमची झुरळं मानेवर दोन काळ्या रेघा असलेली, बोटाच्या पेरापेक्षाही लहान आहेत ना? यांना जर्मन झुरळ म्हणतात. अमेरिकेत विष घातलेली अशी गोड आमिषं वर्षानुवर्षं वापरली गेली. ज्या थोड्या झुरळांना ग्लुकोज आवडत नव्हतं तीच जगली आणि त्यांचीच प्रजा वाढली. 1993 मध्ये हे लक्षात आलं. पुढे 2013 मध्ये कळलं की त्यांच्या जिभेला, म्हणजे तोंडाजवळच्या केसांना, ग्लुकोज चक्क कडू लागतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालं असेल असं नाही, पण आमिष बदलून बघाच. वेगळ्या कंपनीचं नव्हे, वेगळ्या घटकांचं घ्या, डब्यावरचं वाचून. त्या जागी फवारा मारत असाल तर तो थांबवा, वासाने ती जेलजवळ येत नाहीत. रात्री सिंक कोरडं पुसून ठेवा. आठवडे उपाशी राहणारं झुरळ पाण्यावाचून तेवढं टिकत नाही.

नाव जर्मन असलं तरी मूळ आपल्याच बाजूचं आहे. 17 देशांतल्या झुरळांच्या जनुकांवरून 2024 मध्ये असं दिसलं की सुमारे 2,100 वर्षांपूर्वी भारत-म्यानमारकडच्या रानझुरळापासून ती वेगळी झाली. 1767 मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने नाव ठेवलं तेव्हा ती युरोपात आढळली होती, एवढंच.

प्रश्न : दुधात पाल पडली तर दूध विषारी होतं का? (एक विद्यार्थिनी, राजवाडा, इंदूर)

आपल्या घरातल्या पालीत विष नसतं. पण तिच्या विष्ठेतून पोट बिघडवणारे जंतू दुधात जाऊ शकतात. दूध टाकून दे, पातेलं गरम पाण्याने घास. पालीला झाडूने मारू नकोस, ट्यूबलाइटभोवतीचे डास तीच वेचते.