कप्तान झालात, पण पार्टी ऐकत नाही

तुमची तक्रार अशी: डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तुमच्या फायटरला (लढवय्या पात्राला) राजाच्या तुकडीचा कप्तान केलं. आता पार्टीतला, म्हणजे तुमच्या खेळाडूंच्या गटातला, रोग (चोरटं, चलाख पात्र) प्रत्येक हुकूम धुडकावतो, पॅलाडिन (शपथेने बांधलेला योद्धा) ‘माझी शपथ राजाशी आहे, तुझ्याशी नाही’ म्हणतो आणि भाडोत्री भालाईत पहिल्याच झटापटीत पळाले.

भालाइतांचं आधी उरकतो, कारण तिथे नियम मदतीला आहेत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१च्या बेसिक नियमांत किती माणसं पदरी ठेवता येतील आणि त्यांचं मोराल (मनोधैर्य) किती, हे पात्राच्या करिष्म्यावरून, म्हणजे छाप पाडण्याच्या गुणांवरून, ठरायचं. करिष्मा ९ ते १२ असेल तर ४ माणसं, मोराल ७. अपेक्षेपेक्षा मोठं संकट आलं की २डी६, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे, टाकायचे. बेरीज मोरालच्या वर गेली की गडी पसार. ७ मोरालवर ही शक्यता ३६ मध्ये १५ आहे, तेव्हा भालाइतांचं पळणं मनाला लावून घेऊ नका. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या डीएम गाइडमधला ऐच्छिक लॉयल्टी (निष्ठा) नियम मला त्याहून आवडतो. कमाल लॉयल्टी पार्टीतल्या सगळ्यात जास्त करिष्म्याएवढी, सुरुवात त्याच्या निम्म्यावर. एनपीसीला, म्हणजे डीएम चालवतो त्या पात्राला, संकटातून सोडवलंत तर १डी४ वाढ. स्वार्थासाठी त्याचा जीव धोक्यात घातलात तर २डी४ घट. डीएमला हा नियम लावायला सांगा.

रोगचं प्रकरण वेगळं आहे. तिथे समोर एनपीसी नाही, आपल्यासारखाच खेळायला आलेला माणूस आहे. ‘डावीकडे जा, मग धनुर्धारी मार’ असं सांगितलंत तर त्याची टर्न तुम्हीच खेळलात, तो चिडणारच. त्याऐवजी म्हणा, ‘आपली माणसं आत येईपर्यंत फाटक बंद होता कामा नये. कसं ते तू बघ.’ मग तो साखळीत खंजीर अडकवेल, नाहीतर पहारेकऱ्याला लाच देईल. हुकूम पाळला गेला आणि डोकं त्याचंच चाललं. जुन्या नियमांत पार्टीचा ‘कॉलर’ असायचा, पण त्याचं काम सगळ्यांचं म्हणणं डीएमपर्यंत पोचवणं एवढंच. कप्तानपद सगळ्यांना मान्य आहे का, हे मात्र सेशनच्या आधी, कॅरेक्टर बाजूला ठेवून विचारा. बहुतेक डीएम हे विचारतच नाहीत, थेट बिल्ला देऊन मोकळे होतात.

पॅलाडिनशी असलेला वाद मात्र मिटवायची घाई करू नका. अख्ख्या कॅम्पेनमधला (अनेक सेशन चालणाऱ्या कथेतला) सगळ्यात कसदार मसाला तोच आहे. तुमचा अधिकारही राजाकडूनच आलाय, मग डीएमला सांगा की राजाच्या सेनापतीकडून असा एक हुकूम धाडा जो तुम्हालाच पटणार नाही: पलीकडचं गाव रिकामं व्हायची वाट न बघता पूल जाळा. आता शपथेचा प्रश्न तुम्हा दोघांनाही पडला. पूल जाळलात तर गावकरी गेले, थांबलात तर सेनापतीला जाब द्यायचाय, आणि पॅलाडिनला पहिल्यांदाच ठरवावं लागेल की शपथ राजाला दिली होती की राजाच्या प्रजेला. फक्त डीएमने दोन्ही वाटा खऱ्या ठेवल्या पाहिजेत. हुकूम मोडल्यावर थेट फाशी असेल तर निवड उरतच नाही.

आणखी एक. तुम्ही ० हिट पॉइंटवर (जीवशक्ती संपून) पडलात तर पुढचा हुकूम कोणाचा, हे आजच ठरवून ठेवा. मी तुमच्या जागी असतो तर उपकप्तान रोगलाच केलं असतं.