मी आलो

"मॅडम, ते औषधबिषध आम्हाला नको. लंडनला तर दवाखानाच बंद केला म्हणे." ताई नीट बसल्याही नव्हत्या, तोवर त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड. अवी (नाव बदललंय, इतरही काही तपशील बदललेत) शेजारी बसून बुटाची लेस सोडत होता, बांधत होता. वय पंधरा, यंदा दहावी. कागदोपत्री मुलगी. गेली दोन वर्षं आईला सांगतोय, मी मुलगा आहे.

हल्ली बरेच पालक हीच धास्ती घेऊन येतात. समुपदेशनाला नेलं की पोराला उद्याच इंजेक्शन देतील, अशी.

फॉरवर्ड निम्मा खरा होता. टॅव्हिस्टॉकचं ते केंद्र, म्हणजे अवीसारख्या मुलांसाठीचा लंडनमधला सरकारी दवाखाना, मार्च २०२४ मध्ये बंद झालं. पुढच्याच महिन्यात बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांचा अहवाल आला. यौवन लांबवणाऱ्या औषधांचा पुरावा कच्चा आहे, फार जपून चाला, असं त्यात म्हटलंय. डिसेंबरात ब्रिटिश सरकारने अठराच्या आतल्या मुलांना या कारणासाठी ती नव्याने लिहून देणं, संशोधन वगळता, बेमुदत थांबवलं. अमेरिकेत २०२५ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याची बंदी कायम ठेवली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेचा मात्र अशा बंदीला विरोध आहे. थोडक्यात, डॉक्टरांचंच एकमत नाही, आणि ते मी पालकांपासून लपवत नाही. फॉरवर्डमध्ये एक गोष्ट मात्र नव्हती : या मुलांचं नैराश्य, घर, शाळा सगळं नीट बघा, त्यांना मदतीवाचून ताटकळत ठेवू नका, हेही तोच अहवाल सांगतो.

वीस मिनिटं मी हे समजावत होते. मग विचारलं, "ताई, अवीने औषध मागितलंय का?"

त्या थांबल्या. "नाही."

"मग काय मागितलंय?"

"केस कापायचेत म्हणते. आणि 'मी आले' नाही, 'मी आलो' म्हणू द्या म्हणते."

मराठीत ही पंचाईत आहे. क्रियापद तोंडातून निघालं की आपण बाई की पुरुष ते उघड होतं, त्यामुळे अशा मुलांना घरात साधं 'जेवलो' म्हणायचीही चोरी. अवीची आजी कोल्हापूरकडची. तिकडे बायकाही सर्रास 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. आजीला नातीच्या बोलण्यात वर्षभर काही वेगळं जाणवलंच नाही, उलट पोरगी आपल्या वळणावर गेली म्हणून ती खूश. हे सांगताना अवी पहिल्यांदा हसला.

तेव्हा कुठे माझं लक्ष टेबलावरच्या पाण्याकडे गेलं. आल्या आल्या भरून ठेवलेला पेला तसाच. एप्रिलचं ऊन, रिक्षातून आलेलं पोर. विचारल्यावर आईच म्हणाली, "ही पाणीच पीत नाही. वर्षात तिसऱ्यांदा उन्हाळी लागलीय, डॉक्टरांचं औषध चालूच असतं." कारण अवीने खाली बघत सांगितलं. मुलींच्या स्वच्छतागृहात मुली हसतात, मुलांच्यात जायची सोय नाही. म्हणून सकाळी सातपासून दुपारी दीडपर्यंत पाणी बंद. शिवाय युनिफॉर्मच्या आत छातीला क्रेप बँडेज, करकचून. पीटीला दम लागतो तो त्याने.

ब्रिटन-अमेरिका सांगण्यात मी वीस मिनिटं घालवली होती, आणि समोरचं पोर तहानलेलं.

तर पहिल्या दिवशी ठरलं ते एवढं. बँडेज आजच काढायचं, त्याने श्वास आणि बरगड्या दोन्हींना धोका. त्याऐवजी घट्ट स्पोर्ट्स ब्रा. केस सुट्टीत. शाळेशी मी बोलणार. आणि औषधाचा विषय पुढे कधी निघालाच, तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांशी बसून, घाई न करता. ती औषधं मुळात यौवन सुरू होतानाच्या टप्प्यासाठी. अवीला पाळी येऊन चार वर्षं झालीत. ज्याची धास्ती घेऊन ताई आल्या, तो निर्णय आज त्यांच्या दारात उभाच नव्हता.

वडील तिसऱ्या भेटीला आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं : "औषध नको, पण हिला आधीसारखी करून द्या." तसं करून देणारे भेटतात, पैसेही घेतात. पण २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे 'बदलण्याचे' उपचार हा डॉक्टरच्या व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवलाय, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात ही अवस्था मानसिक आजारांत मोडत नाही. हे ऐकून ते गप्प बसले. पटलं असं मी म्हणणार नाही. जाताना दारात वळून विचारलं, "मग मी हाक काय मारू?" मी अवीकडे बघितलं. "अवीच म्हणा ना बाबा, आधीपण तेच म्हणायचात."

शाळेने ऑफिसशेजारच्या स्वच्छतागृहाची किल्ली द्यायचं कबूल केलं. त्यासाठी मला मुख्याध्यापिकांना दोनदा भेटावं लागलं. वडील अजून फॉरवर्ड पाठवतात, आता थेट मला. जूनमधल्या भेटीला अवी शाळेतून परस्पर आला, दप्तराच्या कप्प्यात बाटली रिकामी. "मॅडम, जरा भरून घेतो," म्हणाला आणि फिल्टरकडे गेला.