पुलाखालची माणसे आणि रोगाची भीती

प्रश्न : आम्ही पंचवटीत गोदाघाटाजवळ राहतो. तिथे पुलाखाली काही बेघर कुटुंबे वर्षानुवर्षे मुक्कामाला आहेत. पावसाळा लागला की कावीळ आणि जुलाबाच्या भीतीने आमच्या सोसायटीत त्यांना हटवण्यासाठी अर्ज देण्याची चर्चा सुरू होते. मी त्यांना अधूनमधून जेवण देतो. त्यांच्यामुळे आजार पसरतात, हे खरे आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या शेजाऱ्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण अर्ज माणसे हटवण्यासाठी करायचा की शौचालयासाठी, हे आधी ठरवायला हवे. ‘हेपटायटिस ए’ या काविळीचा विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो आणि हात, पाणी किंवा अन्नावाटे दुसऱ्याच्या पोटात जातो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी २८ दिवस जातात आणि डोळे पिवळे दिसण्याआधीच रुग्णाकडून संसर्ग होण्याचा धोका सर्वाधिक असतो, त्यामुळे पुलाखालून उठवलेला माणूस तो विषाणू दुसऱ्या वस्तीत घेऊन जातो, एवढेच. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात २०१६ च्या अखेरीस सुरू झालेल्या अशाच साथीत सुमारे ६०० जणांना लागण झाली आणि २० जण दगावले. रुग्णांत बेघर मोठ्या संख्येने होते. तिथल्या प्रशासनाला अखेर रस्त्यावर हात धुण्याची सोय, चोवीस तास उघडी शौचालये आणि जागेवर जाऊन लसीकरण, याच वाटेने जावे लागले.

घाटावर पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला वेढणारे पुराचे पाणी ओसरले की मागे चिखल राहतो, त्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असू शकते आणि अनवाणी माणसाच्या टाचांच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत असह्य दुखणे दिसले, तर त्या व्यक्तीला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. वेळेत प्रतिजैविके मिळाली तर आजार बरा होतो. क्षयरोगाचे उपचार मात्र साधारण सहा महिने चालतात आणि रुग्णाला हुसकावले की गोळ्या अर्ध्यावर सुटतात.

घाटावरच्या एका आजींनी मला सांगितले होते की, रात्री पोट बिघडले तर अंधारात जायचे कुठे, या धास्तीने त्या संध्याकाळनंतर जेवतच नाहीत. सिंहस्थासाठी ज्या शहराला तात्पुरती शौचालये उभारता येतात, त्याला आजींसाठी रात्रभर उघडे असलेले एक शौचालय जड जाऊ नये. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० बेघरांसाठी कायमस्वरूपी निवारा असावा, असे म्हटले होते. २०११ च्या जनगणनेतील नाशिकच्या सुमारे १४ लाख ८६ हजार लोकसंख्येला हा हिशेब लावला, तर दीड हजाराच्या आसपास माणसांची सोय व्हायला हवी. सोसायटीच्या सह्यांनी महापालिकेकडे ही मागणी करावी आणि सोबत घाटावर आरोग्य शिबिरही मागावे.

जेवण देणे थांबवू नका. ते गरम असावे आणि त्याबरोबर साबणाची वडी द्यावी, कारण मळलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही. हात धुवायला पाणीही लागेल, म्हणून सोसायटीच्या फाटकाजवळचा नळ सकाळ-संध्याकाळ त्यांच्यासाठी मोकळा ठेवता येतो का, हे येत्या बैठकीत जरूर विचारा.