गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीची एसटी बंद केली. मोर्चा काढावा का?

मोर्चा नंतर, आधी ग्रामसभेचा ठराव आगार व्यवस्थापकांना द्या, प्रत रत्नागिरीच्या विभाग नियंत्रकांना. फेरी बहुतेकदा भारमान (गाडीतल्या भरलेल्या जागांचं प्रमाण) कमी म्हणून बंद होते, त्यामुळे कळकळीच्या निवेदनापेक्षा आकडे उपयोगी पडतात. माहितीच्या अधिकारात त्या फेरीचं भारमान आणि उत्पन्न मागवा. उत्तराची मुदत 30 दिवस. शाळा-कॉलेजचे पासवाले आणि बाजाराला जाणाऱ्या बायका किती, तेही वाडीवार लिहून काढा. बायकांच्या अर्ध्या तिकिटाला कुणी तोटा म्हणालं तर ऐकून घेऊ नका, 2023 पासूनच्या त्या सवलतीची भरपाई महामंडळाला सरकारने द्यायची असते. मात्र पावसात रस्ताच खचला असेल तर आगारात खेपा घालून काही होणार नाही, आधी बांधकाम खातं गाठा.